आधी वेशीबाहेर, मग मखरात

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कपाशी शहर संपतं आणि वसईची खाडी सुरू होते. गणपतीत इथे विसर्जनाची झुंबड उडते. छठपूजेला बिहार-उत्तर प्रदेशातली कुटुंबं पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देतात. स्टेशनच्या पश्चिमेला जैनांचं बावन जिनालय आहे, आणखी पश्चिमेला गेलं की उत्तनचं ख्रिस्ती कोळीवाड्यांचं जग लागतं. मिठागरांची ही जमीन चाळीसेक वर्षांत इमारतींनी भरली. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. इथला जवळजवळ प्रत्येक माणूस कुठून तरी बाहेरून आलेला आहे आणि आपला देव सोबत घेऊन आलेला आहे. अशा वस्तीत अध्यात्मातल्या ‘बाहेरच्या’ माणसाचा विचार करणं सोपं जातं. मठ, देऊळ, जात, पंथ, कुटुंब यांच्या कुंपणाबाहेर उभं राहून आतली वाट धरणारा हा माणूस कोण असतो, तो बाहेर का जातो आणि पुढे त्याचं काय होतं?

जेसल हे नाव ऐकलं की कच्छी माणसाला पहिल्यांदा जेसल-तोरल आठवतात. जेसल जाडेजा हा दरोडेखोर, तोरल ही संतवृत्तीची स्त्री. भर समुद्रात वादळ उठतं, होडी बुडायला लागते आणि तोरल त्याला आपली पापं एकेक करून कबूल करायला लावते. कबुली पुरी होते तशी होडी स्थिर होते. दोघांच्या समाध्या कच्छमधल्या अंजारला आहेत, आणि १९७१ च्या गुजराती चित्रपटाने ही कथा घरोघर नेली. लोककथेला साधक असा आवडतो: आधी पुरता वाया गेलेला, मग एका रात्रीत पालटलेला. प्रत्यक्षातल्या साधकांच्या कथा इतक्या सरळ नाहीत. त्यातल्या दोन सर्वांत जुन्या कथा खाडीच्या पलीकडच्याच आहेत.

भाईंदरहून विरारची गाडी पकडली तर नायगाव, वसई रोड आणि तिसरं स्टेशन नालासोपारा. जुनं शूर्पारक ते हेच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला बुरूड राजाचा कोट उकरून स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. अशोकाच्या चौदा शिलालेखांतला नेमका हा आठवा यात्रेविषयीचा आहे. आधीचे राजे शिकारीला आणि मौजेला बाहेर पडत. आपण मात्र राज्याभिषेकाला १० वर्षं झाल्यावर बोधिस्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या, असं राजा त्यात सांगतो. राजाने प्रवासाचा हेतूच बदलला, त्याची ही सरकारी नोंद. एका गजबजलेल्या बंदरात ती दगडावर कोरली गेली याचं मला अप्रूप वाटतं, कारण बंदरातल्या माणसाला प्रवास म्हणजे नफा हेच ठाऊक असतं.

या बंदराशी पाली ग्रंथांतला बाहिय जोडलेला आहे. ‘उदान’ या ग्रंथात त्याची हकिगत येते आणि अट्टकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, ती विस्ताराने सांगितली आहे. गलबत फुटलं, बाहिय एका फळीच्या आधाराने शूर्पारकच्या किनाऱ्याला लागला. अंगावर कपडा नव्हता, म्हणून झाडाची साल गुंडाळून तो भिक्षेला निघाला. लोकांना वाटलं, हा कोणी मोठा विरक्त असणार. त्यांनी अन्न दिलं, वस्त्रं देऊ केली. वस्त्रं घेतली तर मान जाईल हे ओळखून त्याने ती नाकारली. मान वाढत गेला आणि एक दिवस त्यालाच वाटू लागलं की आपण अर्हत आहोत.

मग खरी गोष्ट सुरू होते. त्याचं भलं चिंतणारी एक देवता त्याला सांगते की तू अर्हत तर नाहीसच, अर्हत होण्याच्या वाटेवरही नाहीस. खरा जाणता श्रावस्तीला आहे. सगळा मानमरातब तिथेच टाकून बाहिय निघतो. श्रावस्तीला पोचतो तर बुद्ध भिक्षेसाठी रस्त्यावर. ही वेळ नव्हे, असं दोनदा सांगितलं जातं. तो तिसऱ्यांदा विनवतो, आयुष्याचा भरवसा नाही म्हणतो, आणि त्याला भर रस्त्यात अगदी थोडक्यात उपदेश मिळतो. पाहिलं तर केवळ पाहणं राहू दे, ऐकलं तर केवळ ऐकणं, त्यात ‘मी’ मिसळू नकोस, असा त्याचा गाभा. बाहिय तिथल्या तिथे मुक्त होतो. थोड्याच वेळात वासरू असलेली एक गाय त्याला मारते आणि तो मरतो. त्याने ना दीक्षा घेतली होती, ना चीवर, ना भिक्षापात्र. तरी बुद्ध भिक्षूंना त्याचं दहन करून स्तूप उभारायला सांगतात, आणि लवकर समजून घेणाऱ्यांत त्याला पहिला मानतात.

याच शूर्पारकचा दुसरा साधक पूर्ण. संस्कृत ‘दिव्यावदाना’त त्याची कथा आहे. व्यापाऱ्याचा मुलगा, पण आई दासी, त्यामुळे सावत्र भावांनी वाटणीत त्याला धरलंच नाही. त्याने स्वतःच्या हुशारीने चंदनाच्या व्यापारात पैसा केला आणि समुद्रावर सफरी केल्या. अशाच एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काहीतरी म्हणत होते. ही कसली गाणी, म्हणून त्याने विचारलं, आणि ही गाणी नव्हेत, बुद्धवचनं आहेत, असं उत्तर मिळालं. पुढे भिक्षू झाल्यावर त्याने मागून घेतला तो प्रदेश अपरान्ताचा, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपल्या कोकणपट्टीचा. तिथली माणसं रागीट, शिवराळ. शिव्या दिल्या तर, हात उगारला तर, जीवच घेतला तर, असे प्रश्न बुद्ध त्याला विचारत जातात आणि दरवेळी तो त्यातही त्या लोकांचा चांगुलपणा शोधून दाखवतो. बाहिय बाहेर पडला अपघाताने, पूर्णाला घराने बाहेर ठेवलं. एकाने लोकांचा मान सोडला, दुसरा ज्या किनाऱ्याने त्याला हिशेबात धरलं नव्हतं तिथेच परत आला.

पाश्चात्त्य साहित्यात या माणसाला रूढ नाव मिळालं ते विसाव्या शतकात. १९५६ साली कॉलिन विल्सन या चोवीस वर्षांच्या तरुणाने ‘द आउटसायडर’ लिहिलं आणि रातोरात गाजला. बेघर असताना हॅम्पस्टेड हीथच्या माळावर झोपून दिवसा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात लिहायचं, ही त्याची कहाणी पुस्तकाइतकीच चालली. त्याचा ‘बाहेरचा’ म्हणजे खोलीत एकटा बसलेला, समाजाचं खोटेपण दिसून गेलेला पुरुष. मराठीत १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकराला या रांगेत बसवायचा मोह अनेकांना झाला. विल्सनच्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार एवढीच, की त्यातल्या बाहेरच्या माणसांच्या घरी चूल कोण पेटवतं हे कळत नाही. मराठी परंपरेत ते हटकून कळतं. तुकोबांची गोष्ट जिजाईवाचून कोणी सांगत नाही. आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याच्या कथेत मागे राहिलेलं माणूस बोलतं, कधी शिव्या देतं, कधी स्वतःच लिहायला बसतं.

दुसरा फरक याहून मोठा आहे. आपल्याकडे सगळेच बाहेर ‘पडलेले’ नाहीत. कित्येकांना बाहेर ‘ठेवलेलं’ होतं, आणि या दोघांना एकाच माळेत ओवून ‘संत’ म्हणण्याची सवय आपण लावून घेतली आहे. चोखामेळ्याचं बाहेरपण त्याने निवडलेलं नव्हतं. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना १३३८ साली भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. परंपरा सांगते की नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. त्याच्या घरचे सगळेच अभंगकर्ते: बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. चोखोबा आपल्या वाट्याला आलेलं पुष्कळदा पूर्वकर्माचं फळ म्हणून सोसतो. कर्ममेळा सोसत नाही. आम्हाला उष्टं खायला लावून तुला देव म्हणवून घ्यायला लाज कशी वाटत नाही, अशा अर्थाचं तो विठ्ठलाला तोंडावर विचारतो. एका पिढीत आवाज किती बदलला पाहा. आतली वाट पक्की असली तरी देवळाचं दार बंद आहे हे सत्य त्याने पुसलं जात नाही, हे मुलाला बापापेक्षा स्पष्ट दिसलं होतं.

ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं आणि विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं करण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखी हा प्रश्न निकालात निघाला होता. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी १९३५ मध्येच येवल्याला जाहीर केलं होतं. तरी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या नावे केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या बौद्ध धम्मदीक्षेला ‘आतला प्रवास’ म्हणायला काही जण बिचकतात, कारण तो लाखोंनी मिळून केला. मला ती अट पटत नाही. पायरीशी थांबवलेल्या माणसांनी पायरीकडे पाठ फिरवली, तर ती वाट एकट्याची असायला हवी असं कोणी ठरवलं?

चक्रधरस्वामींचं प्रकरण वेगळं आहे. मुळात गुजरातचे, तिथल्या प्रधानाच्या घरातले असं परंपरा सांगते, पण त्यांनी आपलं म्हणून निवडलं ते महाराष्ट्र आणि मराठी. बाहेरच्या प्रांतातला माणूस येऊन आपल्या भाषेतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाचा नायक झाला. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या आठवणी जमवल्या. त्यांनी अनुयायांना घालून दिलेले नियम आजही चकित करतात. जिथे ओळखीपाळखी आहेत तिथे राहू नये, मान मिळेल तिथे थांबू नये, झाडाखाली, कुणी विचारत नाही अशा जागी दिवस काढावेत. बाहियला एका देवतेने जे शिकवलं ते चक्रधरांनी नियमच करून ठेवलं. त्यांच्यासोबत महदाइसेसारख्या स्त्रिया होत्या, आणि प्रश्न विचारण्यात त्या कोणाला हार जात नसत. पण त्यांच्या महानुभाव पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले आणि शतकानुशतकं बाहेरच्याला ते वाचता आले नाहीत. बाहेर राहणाऱ्यांनी स्वतःभोवती एवढी उंच भिंत घालावी, हा इतिहासाचा खट्याळपणा. अर्थात छळ झालेल्यांना लपण्याचा हक्क असतोच.

श्रीगोंद्याचे शेख महंमद हे आणखी एक नाव. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ १६४५ चा. धर्माने मुसलमान, भाषेने आणि दृष्टीने वारकऱ्यांच्या जवळचे. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य मानले जातात. म्हणजे आपण ज्याला आतलं अंगण म्हणतो त्याचा एक दरवाजा ज्याला बाहेर म्हणतो तिकडेच उघडत होता. आज त्यांच्या स्थानाला समाधी म्हणायचं की दर्गा, यावर भांडणं होतात. त्यात पडण्याऐवजी ‘योगसंग्राम’ वाचावा.

पुन्हा खाडीपलीकडे येऊ. वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, दुभाषा म्हणून राबला. संघात घेतलं जाईल ही आशा मात्र पुरी झाली नाही. मिश्र वंशाच्या माणसाला त्या काळी ते दार सहसा उघडत नसे. मग तो व्यापारात शिरला, चांगला जम बसवला, आणि सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांकडे गेला. तिथे त्याला साधा बंधू म्हणून घेतलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत तो होता, आणि १८६२ मध्ये रोमने त्याला संत घोषित केलं. वसईत आज त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे. ज्याला संघात जागा मिळत नव्हती तो वेदीवर गेला. चोखोबाच्या कथेशी हे किती जुळतं ते वेगळं सांगायला नको. मेल्यावर जागा देण्याची ही रीत सर्व धर्मांत एकसारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात बाहेर पडणाऱ्यांची एक तेजस्वी पिढी आली. तिच्यात मला पंडिता रमाबाई सर्वांत पुढे दिसतात, कारण त्या दोनदा बाहेर पडल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा इकडे टीकेचं मोहोळ उठलं. पण तिकडच्या सिस्टरांनाही ही बाई झेपली नाही. त्रैक्याची शिकवण पटल्याशिवाय मान्य करणार नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हवाली करणार नाही, अशी त्यांची भूमिका त्या काळच्या पत्रांतून वाचायला मिळते. हिंदूंना त्या बाटलेल्या वाटल्या, मिशनऱ्यांना हेकट. दोन्हीकडच्या शेऱ्यांची पर्वा न करता त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, हजारो अनाथ-विधवा बायकांना आसरा दिला आणि शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरात बुडून राहिल्या. साधना आणि भाकरी असे दोन वेगळे कप्पे त्यांच्या आयुष्यात सापडत नाहीत.

नारायण वामन टिळकांचं परिवर्तन रेल्वेच्या डब्यात सुरू झालं. राजनांदगावला जाताना एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, ही हकिगत प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाहेर पडण्याचा स्वभाव असा एकदा बाहेर पडून निवत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार मोडला.

या कथेची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवऱ्याला सत्य सापडलं, आणि त्या दिवसापासून ही बाई ना सवाष्ण ना विधवा अशी नातेवाइकांच्या घरी काही वर्षं ताटकळली. मग ती त्याच्याकडे गेली, सोवळं सांभाळत त्याच्याच घरात वेगळी राहिली आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाली. टिळकांचा प्रवास एका झेपेचा, बाईंचा घागरीने पाणी भरत भरत झालेला. दोन्हींत अधिक अवघड कोणता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

धर्मानंद कोसंबींनीही घर असंच सोडलं. गोव्यातलं साखवाळ हे त्यांचं गाव, जन्म १८७६ चा. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि हेच आपलं, असं ठरवलं. १८९९ च्या अखेरीस त्यांनी बायको बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास. तिथून नेपाळ, बोधगया आणि सिंहलद्वीप. १९०२ मध्ये तिथे भिक्षुदीक्षा घेतली. ब्रह्मदेशात ध्यान केलं. १९०६ च्या सुमारास परत आले, चीवर उतरवलं, बायकोला सोबत घेतलं आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, ते घेऊन महाराष्ट्रात पालीचं काम केलं. हार्वर्डला ‘विशुद्धिमार्गा’च्या पाठशुद्धीवर खपले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं, परळच्या कामगार वस्तीत १९३७ मध्ये बहुजन विहार उभा केला.

चीवर उतरवणं ही त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी घटना वाटते. भिक्षू धर्मानंद म्हणून ते हयातभर पूजले गेले असते. त्याऐवजी मास्तर झाले, संसारी झाले, समाजवादाकडे वळले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले. ‘निवेदन’ हे १९२४ चं आत्मचरित्र वाचताना जाणवतं की हा माणूस आपल्या प्रवासाला कुठेही नक्षी काढत नाही. काशीतले उपास, वाटेतलं आजारपण, बायकोला न सांगता निघून जाणं, सगळं एकाच कोरड्या आवाजात. शेवटही त्यांनी स्वतः ठरवला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा अभ्यास करता करता जैनांच्या प्रायोपवेशनाचा विचार त्यांना पटत गेला होता. सेवाग्रामला अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण संपून तेव्हा महिनाही झाला नव्हता. एकाच उन्हाळ्यात एकाने इतरांना देवळात घ्यावं म्हणून अन्न सोडलं, दुसऱ्याने कोणत्याच देवळाला काही न मागता सोडलं. कोसंबींची नात मीरा कोसंबी यांनी पुढे आजोबांचं लेखन संपादित करून इंग्रजीत नेलं, आणि रमाबाईंवरही मोलाचं काम केलं. या दोन बाहेरच्यांना एकाच अभ्यासिकेत जागा मिळाली, हे योग्यच झालं.

मुंबईतल्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज, हे या आढाव्यातलं सर्वांत घरगुती उदाहरण. १९३३ मध्ये इंचगिरी परंपरेतले सिद्धरामेश्वर महाराज भेटले, तीन वर्षांत ते गेले. १९३७ मध्ये कांबळी घर आणि दुकानं सोडून भटकायला निघाले, वर्षभरात परतले. हिंडून जे मिळवायचं ते दुकानात बसूनही मिळतं, हे वाटेत उमगलं होतं. मागे दुकानांपैकी एकच उरलं होतं. तेवढंच चालवलं, संसार केला, आणि घराच्या माळ्यावर येईल त्याच्याशी मराठीत बोलत राहिले. मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या ज्यू अभियंत्याने त्या संवादांचं इंग्रजी केलं आणि १९७३ मध्ये ‘आय ॲम दॅट’ प्रसिद्ध झालं. फ्रिडमन हा स्वतः किती ठिकाणचा बाहेरचा! औंध संस्थानात राजाने प्रजेच्या हाती सत्ता दिली, त्या घटनेच्या घडणीत त्याचा हात होता. विडीवाल्याचं बोलणं जगभर जायला असाच कुठेच न मावणारा माणूस दुवा म्हणून लागला असणार.

शिर्डी, शेगाव, गणेशपुरी यांच्याबद्दल लांबण लावत नाही. जातधर्म न सांगणारा शिर्डीचा फकीर, शेगावात उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचताना पहिल्यांदा दिसलेले गजानन महाराज, वज्रेश्वरीजवळच्या गरम कुंडांपाशी लंगोटीवर राहणारे नित्यानंद, हे तिघेही आले तेव्हा कोणाच्याच खातेवहीत नव्हते. आज त्यांच्या नावाने रांगा, पावत्या, भक्तनिवास, गुरुवारची खास गर्दी आहे. भक्तांना मी दोष देत नाही. शेगावच्या संस्थानाची शिस्त आणि स्वच्छता पाहिली की टीकाकारही गप्प बसतो. पण शूर्पारकच्या लोकांनी सालवाल्या बाहियला जे केलं तेच आपण अजून करतो: अनोळखी, विचित्र, निरिच्छ दिसला की त्याला एकतर हाकलतो किंवा मखरात बसवतो, त्याच्याशी बोलत मात्र नाही. बाहियचं नशीब असं की खरं सांगणारी देवता त्याला वेळेवर भेटली. आजच्या बाबांभोवती हो म्हणणाऱ्यांचीच भिंत असते. काहींचे खटले न्यायालयात गेले तेव्हाही भक्त दाराशी उभे होते, हे आपण पाहिलंय. म्हणून एखाद्या साधकाची पारख करताना मी एकच पाहतो. मान मिळू लागल्यावर त्याने काय केलं? चक्रधरांनी गाव सोडायला सांगितलं, कोसंबींनी चीवर उतरवलं, टिळकांनी मिशन सोडलं, कांबळ्यांनी विड्या विकल्या.

आज जेसल पार्कसारख्या वस्तीत हा प्रश्न कसा येतो? एक वाट जैन दीक्षेची. दीक्षार्थीची मिरवणूक, म्हणजे वरघोडा, निघतो, वाटेत आपलं द्रव्य वाटून टाकण्याचं वर्षीदान होतं, आईवडिलांची संमती घेतलेली असते. इथे घर सोडणं हा त्या घराचाच एक दरवाजा आहे, त्यामुळे सोडून जाणारा बाहेरचा ठरत नाही, उलट समाजाच्या मध्यभागी येतो. जैनांमधला खरा बाहेरचा शोधायचा तर श्रीमद राजचंद्रांकडे वळावं लागतं. मुंबईत जवाहिराची पेढी सांभाळणारा हा गृहस्थ कोणत्याही गच्छाचा साधू नव्हता, तरी गांधींनी त्याला आपल्या शंका विचारल्या. १९०१ मध्ये, चाळिशीही न गाठता तो गेला.

दुसरी वाट भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याने गोराईकडे जाते. तिथला विपश्यना पॅगोडा ३२५ फूट उंच, आत एकही खांब नाही, आठ हजार माणसं एका वेळी बसतील एवढा घुमट. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात वाढलेले मारवाडी उद्योजक. अर्धशिशी जाईना म्हणून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन तर सरकारचे महालेखापाल, म्हणजे गुरूही भिक्षू नव्हता. १९६९ मध्ये गोयंका ही विद्या घेऊन भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. दहा दिवस मौन, फोन नाही, रोज दहाएक तास बैठक, शुल्क नाही. भव्य घुमटाबद्दल माझ्या मनात जरा खळखळ आहे. बाहियला रस्त्यात मिळालेल्या चार वाक्यांना एवढं छत लागत नव्हतं. पण दहा दिवसांच्या शिबिराबद्दल मला आदर आहे, कारण धर्म न बदलता, घर न मोडता, कोणाच्या पाया न पडता बाहेर जाऊन परत येण्याची सोय ते करतं.

आणि या सोयीचं खरं मोल बहिणाबाईंच्या शेजारी ठेवून पाहिलं तरच कळतं. वैजापूरकडच्या शिऊरची ही ब्राह्मणबाई, १६२८ ते १७०० हा तिचा काळ. तिला गुरू म्हणून दिसले ते तुकोबा, जातीने शूद्र. वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या नवऱ्याला ही अप्रतिष्ठा वाटली, त्याने तिला मारलं. तिला चक्रधरांसारखं झाडाखाली जाता आलं नाही, कोसंबींसारखं न सांगता निघता आलं नाही, गर्भार होती. नवरा आजारी पडला, तिने सेवा केली, तो नमला, आणि मगच दोघं देहूला गेली. हे सगळं तिने स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलंय. आजची जेसल पार्कमधली बाई इगतपुरीचा अर्ज स्वतः भरू शकते, शिबिरात बायकांची राहण्याची व्यवस्था पुरुषांइतकीच असते. अर्ज भरण्याआधी मात्र दहा दिवसांचे डबे, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं यांची जुळवाजुळव तिलाच करावी लागते. नवरा जातो तेव्हा त्याला बहुधा ऑफिसात रजा टाकली की पुरतं.